टेपचे थर

भोपाळमध्ये संग्रहालयांची मांडणी करण्यात माझी बरीच वर्षं गेली. काचेआडची वस्तू नीटनेटकी दिसली पाहिजे, ही सवय हातात मुरलेली. एका छोट्या प्रदर्शनासाठी जुन्या शहरातल्या एका वयस्कर खेळाडूनं आपली हॉकी स्टिक दिली होती. तुतीच्या लाकडाची, मुठीवर टेपचे थरावर थर, खालचं वळण जमिनीला घासून झिजलेलं. मी टेप सोडवली, लाकूड पुसलं, पॉलिश केलं. उद्घाटनाला ते आले, काचेसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ये मेरी नहीं है, बेटा."

सैल झालेल्या मुठीवर त्यांनी वर्षानुवर्षं स्वतः गुंडाळलेली टेप मी कचऱ्यात टाकली होती. ती परत आणता आली नाही.

तेव्हापासून खेळाडूची वस्तू हातात आली, की ती कुठे झिजली आणि कशानं, हे मी आधी विचारते. पदकाला हे विचारता येत नाही. ते गळ्यात पडतं तेव्हा खेळ संपलेला असतो. तरी आपल्या क्रीडादालनांत पदकं आणि चषकच ओळीनं लावलेले असतात, आणि माणसं दोन मिनिटांत बाहेर पडतात.

भोपाळकडे सांगण्याजोगं किती आहे! अहमद शेर खाँ 1936 साली बर्लिनला सुवर्णपदक जिंकणाऱ्या ध्यानचंदांच्या संघात होते. त्यांचा मुलगा अस्लम 1975च्या विश्वचषकात, क्वालालंपूरला, मलेशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात संघ मागे असताना राखीव खेळाडू म्हणून उतरला. त्यानं गळ्यातल्या ताविजाचं चुंबन घेतलं आणि पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली. भारत तो सामना जिंकला, पुढे विश्वचषकही.

हे मांडायचं झालं तर चषकाची प्रतिकृती मी ठेवणार नाही. जमिनीवर 16 यार्डांवर वर्तुळाची रेघ आखेन, समोर 4 यार्ड रुंदीचा गोल उभा करेन आणि येणाऱ्याला त्या रेघेवर थांबवेन. तिथून गोल केवढासा दिसतो, ते त्याचं त्यालाच कळू दे. भोपाळच्या ऐशबाग मैदानावर हॉकी खेळणारी पोरं तर तिथून हलायचीच नाहीत.

तुमच्या घरात माळ्यावर कुणाची जुनी स्टिक, लंगोट, बॅट पडली असेल, तर ती धुऊ नका, रंगवू नका. कुणी वापरली, कुठल्या मैदानावर, एवढं चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी तिच्याजवळच ठेवा.