ना पहिला, ना दुसरा

रांगेत सुमन डावीकडून सातवी आणि उजवीकडून बारावी आहे, तर रांगेत एकूण मुली किती? सात आणि बारा एकोणीस, वजा एक, अठरा. वजा एक अशासाठी, की सुमन दोन्हीकडून मोजली गेली. तासगावच्या शाळेत स्कॉलरशिपच्या जादा तासाला गुरुजींनी हे सूत्र फळ्यावर लिहिलंच नाही. पटांगणात अठरा मुली उभ्या केल्या आणि दोघींना दोन टोकांकडून मोजत यायला लावलं. सुमनपाशी येऊन दोघी एकमेकींवर आदळल्या तेव्हा सगळ्यांना कळलं, की एक वजा का करायचा.

तेव्हा स्कॉलरशिप चौथीला आणि सातवीला असायची. पुढे ती पाचवीला आणि आठवीला गेली. मराठी आणि गणिताला पाठ करण्यासारखं काहीतरी असे, बुद्धिमत्ता चाचणीला नसे. म्हणून वर्गातल्या हुशार मुलींना ती नकोशी वाटायची आणि मला हवीशी. शिवाय त्या कोड्यांतली माणसं फार सोयीची होती. राम श्यामपेक्षा उंच असे, गीता सीतेपेक्षा लहान असे, आणि तेवढं झालं की विषय संपे. रामाचे वडील काय करतात, गीताचं अक्षर कसं आहे, हे कुणी विचारत नसे.

घरी तसं नव्हतं. घरी दादा आणि मी, चुलत्यांची तिघं, शेजारची दोघं, अशा सगळ्यांची एकच उतरंड कायम लावलेली असे. कुणाचे गुण, कुणाचा रंग, कुणाची उंची, कोण पटकन उठून पाणी आणतं, हे सगळं एकाच मापात ओतून आजी क्रम लावायची. लहान-मोठ्याच्या चिन्हाची मगर मोठ्या संख्येकडे तोंड उघडते, हे शाळेत दुसरी-तिसरीतच कळतं. आमच्या घरात मगर चोवीस तास जबडा उघडून बसलेली होती.

ही चिन्हं मुळात कुठली, हे मला फार नंतर वाचनात कळलं. थॉमस हॅरियट नावाचा इंग्रज गणिती. 1585 मध्ये तो जहाजातून अमेरिकेच्या किनाऱ्यावर गेला, तिथल्या लोकांची भाषा शिकला. तो वारला 1621 मध्ये, आणि ‘>’ व ‘<’ ही चिन्हं त्याच्या नावावरच्या पुस्तकात छापून आली 1631 मध्ये. बरोबरीचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डनं 1557 मध्येच वापरलं होतं. म्हणजे कागदावर बरोबरी आधी आली आणि लहानमोठेपणा चौऱ्याहत्तर वर्षांनी. आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता. ‘मोठा किंवा समान’ दाखवणाऱ्या जोडचिन्हाला तर आणखी शंभर वर्षं लागली; फ्रान्सच्या प्येर बूगेरनं ते 1734 मध्ये वापरलं.

बीकॉम झाल्यावर बँकेची परीक्षा द्यायचं ठरलं आणि ही चिन्हं पुन्हा भेटली. नव्वदच्या दशकात सरकारी बँकांची भरती बँकिंग सेवा भरती मंडळांकडून होत असे (ती मंडळं 2001 मध्ये गुंडाळली गेली, आयबीपीएसची सामायिक परीक्षा आली ती 2011 मध्ये). पेपर इंग्रजीत किंवा हिंदीत. मराठी माध्यमातून आलेल्या आम्ही मुली सांगलीच्या वाचनालयात मासिकांचे जुने अंक मांडून बसायचो. त्यातला पहिला धक्का होता ‘सिलॉजिझम’चा. सर्व टेबलं खुर्च्या आहेत. काही खुर्च्या पंखे आहेत. निष्कर्ष एक: काही टेबलं पंखे आहेत. निष्कर्ष दोन: काही पंखे खुर्च्या आहेत. खाली सूचना असायची, की विधानं प्रत्यक्षात कितीही विसंगत वाटली तरी ती खरी माना. माझी मैत्रीण त्या सूचनेवरच अडली. टेबल खुर्ची कसं असेल, असं ती दोन दिवस म्हणत राहिली. नंतर तीच आमच्यात सगळ्यांत तयार झाली.

उत्तरांचे पर्याय ठरलेले असत. फक्त पहिला निष्कर्ष निघतो, फक्त दुसरा निघतो, एकतर पहिला किंवा दुसरा निघतो, दोन्ही निघत नाहीत, दोन्ही निघतात. वरच्या कोड्यात दुसरा निघतो, पहिला नाही. आता ‘पहिला निघत नाही’ याचा अर्थ तो खोटा आहे, असा नाही. टेबलं पंखे असतीलही. दिलेल्या दोन वाक्यांवरून ते म्हणायचा अधिकार तुम्हाला नाही, एवढंच. निघत नाही आणि खोटं आहे, या दोन गोष्टींमध्ये पुरुषभर उंचीची भिंत आहे, आणि ती मला त्या वाचनालयातल्या बाकावर पहिल्यांदा दिसली. कॉलेजात तीन वर्षांत कुणी दाखवली नव्हती.

आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्र्यांनी, नैयायिकांनी, हे कधीच पाहून ठेवलं होतं. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथं अग्नी आहे, हे त्यांचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. पण उलट जाऊ पाहा: अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे? तिथं ते तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे ठेवतात. विस्तव आहे, धूर नाही. तेवढ्यानं डोंगरावर धूर नाही असंही ठरत नाही. फक्त अग्नीच्या जोरावर धुराचा दावा करता येत नाही. ‘सर्व अ हे ब आहेत’ यावरून ‘सर्व ब हे अ आहेत’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला बँकेच्या परीक्षेत गुण गमवावे लागतात, आणि लोहाराच्या भट्टीतला तो गोळा शेकडो वर्षं तेच सांगतो आहे.

असमानतेच्या प्रश्नांत हीच गंमत अधिक नितळ होते, कारण तिथं टेबलं-खुर्च्यांचा गोंगाट नसतो. अ ≥ ब = क > ड. मग अ हा ड पेक्षा मोठा? होय, साखळीत एक जरी ‘>’ असेल आणि बाकीची चिन्हं त्याच दिशेला तोंड करून किंवा बरोबरीची असतील, तर मोठेपणा टोकापर्यंत पोचतो. पण अ > ब < क असं आलं की संपलं. अ आणि क दोघेही ब पेक्षा मोठे. त्यांचं आपसात काय, ते कुणालाच सांगता येत नाही. नवखा मुलगा इथं हमखास काहीतरी टिक करतो. रिकामं सोडवत नाही. मनाला दोन माणसं दिसली की ती कमी-जास्त लावून मोकळं व्हायचं असतं.

मला सर्वांत आवडायचा तो ‘एकतर’चा पर्याय. अ ≥ ब आणि ब ≥ क दिलं आहे. निष्कर्ष एक, अ > क. निष्कर्ष दोन, अ = क. पहिला ठामपणे म्हणता येत नाही, दुसराही नाही. पण दोन्हींपैकी एक असणारच, तिसरी वाटच नाही. एकेकट्याला कमकुवत असलेली दोन विधानं शेजारी उभी केली की पक्की होतात, हे पाहून मी त्या दिवशी वाचनालयात मोठ्यानं हसले होते. ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं.

परीक्षा पास झाले, नोकरी लागली. पुढे नोकरीत या सगळ्याचा काय उपयोग, असं मला अनेकांनी विचारलं आहे, आणि खरं उत्तर असं, की बराच काळ काहीच नाही. खतावणी, व्याजाचे दर, द्राक्षबागांची पीककर्जं, बेदाण्याच्या शेडची कागदपत्रं. कोण कुणाच्या उजवीकडे बसलं आहे, ते कुठेच विचारत नाहीत.

मग कर्जफेडीच्या इतिहासावरून गुण देणारं सिबिल आलं. संस्था 2000 सालची, पण आमच्या आडबाजूच्या शाखेत तिच्या गुणांचा धाक बसायला बरीच वर्षं गेली. 300 ते 900 या टप्प्यात गुण. जितके जास्त तितकं चांगलं. आणि ज्यानं कधी कर्जच घेतलं नाही, त्याच्या नावापुढे येतो उणे एक. उणे एक ही त्या पट्टीवरची जागाच नाही. ‘या माणसाचा इतिहास आमच्याकडे नाही’, एवढंच ते सांगतं. पण आकडा आहे ना, मग त्याला मगरीसमोर ठेवलं जाणारच. आमच्या शाखेत एक म्हशी पाळणाऱ्या बाई आल्या, दोन जनावरांसाठी कर्ज हवं होतं. दूध संघाचं पासबुक भरलेलं, दर दहा दिवसांनी पैसे जमा. सहकाऱ्यानं पडद्यावर उणे एक पाहिलं आणि फाइल बाजूला सारली: “तीनशेवाला परवडला, हे तर शून्याच्याही खाली!” बाई शांत होत्या. म्हणाल्या, “मॅडम, कर्ज कधी काढलंच न्हाई, तर फेडत न्हाई असं कसं म्हनायचं?”

तर्कशास्त्राचा इतका नेमका प्रश्न मला कुठल्या परीक्षेत आला नव्हता. ‘फेडेल’ निघत नाही, ‘फेडणार नाही’ हेही निघत नाही. असं झालं की माहिती आणखी मागायची असते, आणि माहिती तर टेबलावर पासबुकाच्या रूपानं पडलेलीच होती. शिफारशीत मी दूध संघाचे तीन वर्षांचे उतारे जोडले. कर्ज झालं. वरिष्ठांनी मात्र अशा फाइली फार पाठवू नका म्हणून सुचवलं. तेही असो.

आता दादाची मुलगी पुण्यात सदाशिव पेठेत राहून बँकेची तयारी करते. रात्री फोनवर कोड्याचा फोटो पाठवते. कोडी पार बदलली आहेत. आठ माणसं गोल टेबलाभोवती बसायची, तेव्हा आम्हाला ते अवघड वाटे. आठ जणांना गोलात बसवायच्या 5040 रीती; दहा-बारा सूचनांनी त्यातली एक उरवायची. तोंड मध्याकडे असेल तर डावा शेजारी घड्याळाच्या दिशेनं येतो, पाठ मध्याकडे असेल तर उलट, एवढं सांभाळलं की झालं. आता त्याच आठांपैकी निम्मे आत पाहतात, निम्मे बाहेर, शिवाय प्रत्येकाचा जन्ममहिना, आवडतं फळ आणि गाव वेगळं. मला ही कारकुनी वाटते. यात विचार कमी आणि रकाने जास्त.

“आत्या, तुला ते सोडवायचं असतं,” ती म्हणते. “मला ते सोडून द्यायचं असतं.” पूर्वपरीक्षेत बुद्धिमत्तेच्या 35 प्रश्नांना 20 मिनिटं. चुकीला पाव गुण वजा. पाच प्रश्नांचं एक कोडं सात मिनिटं खाणार असेल, तर ते पहिल्या तीन ओळींत ओळखून पुढे जायचं, असमानता आणि सिलॉजिझमचे गुण आधी गोळा करायचे. कुठलं सोडायचं याचाच ती रोज सराव करते. वेळ लावून, मोबाइल उलटा ठेवून.

आणि एवढं करून गुण येतात ते ‘नॉर्मलायझेशन’ होऊन. परीक्षा अनेक सत्रांत, प्रत्येक सत्राचा पेपर निराळा. सकाळच्या अ नं एक पेपर दिला, दुपारच्या क नं दुसरा. दोघांनी दिलेला असा एकही सामायिक प्रश्न नाही. मग दोन्ही सत्रांतली मुलं गोळाबेरीज सारख्याच कुवतीची होती असं धरून सूत्र लावतात आणि दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत क्रम काढतात. नोव्हेंबर 2024 मध्ये प्रयागराजला उत्तर प्रदेश लोकसेवा आयोगाच्या दारात मुलं यावरूनच ठिय्या देऊन बसली होती, आणि आयोगाला राज्यसेवेची (पीसीएस) पूर्वपरीक्षा एकाच दिवशी घ्यायचं मान्य करावं लागलं. लाखो उमेदवार असले की दुसरा मार्ग अवघड आहे, हे मला पटतं. पण ज्या पेपरात ‘संबंध सांगता येत नाही’ हे उत्तर बरोबर ठरतं, त्याच पेपराच्या निकालात ते चालत नाही, याचं हसू येतं.

भाचीला मी हे सांगितलं. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. “तुमचं बरं होतं ग, एकच पेपर,” म्हणाली, आणि लगेच दुसरा फोटो पाठवला. नऊ मजल्यांची इमारत, नऊ माणसं, नऊ गाड्या. तिच्या मते हे सोडून द्यायचं होतं. मी वही उघडून सातव्या मजल्यापर्यंत पोचले आहे. आठवा आणि नववा अदलाबदल करता येतात असं दिसतंय, म्हणजे एकतर एखादी सूचना वाचायची राहिली आहे, किंवा कोडं काढणाऱ्याचं चुकलं आहे.