'फोन' आणि 'लाइन'

2012 च्या मे महिन्यात आमच्या पतपेढीची छोटी शाखा खोताच्या वाडीत सुरू झाली. जुनं लाकडी घर, बाहेरून जिना, ओसरीलगतची एक खोली आणि आम्ही तिघं. भिंतीला भोक पाडायचं नाही, ही घरमालकांची अट. म्हणून दादरच्या मुख्य कचेरीने वेगळा ईपीएबीएक्स, वेगळा राऊटर न देता टेलिफोन आणि इंटरनेट दोन्ही सांभाळणारा एकच डबा पाठवला. मी खतावणी लिहिणारी. तो बसवायचं काम मात्र माझ्या वाट्याला आलं.

डब्याच्या पाठीमागे सॉकेटांची रांग होती. चार कॉम्प्युटरसाठी, एक ब्रॉडबँडसाठी, दोनांवर 'फोन' लिहिलेलं आणि एकावर 'लाइन'. भिंतीवरून आलेली टेलिफोनची तार मी 'फोन'मध्ये घातली. फोनचीच तार ती, आणखी कुठे घालायची? दोन्ही फोन मुके.

मोबाइलवरून दादरच्या तंत्रज्ञाला विचारलं. ते म्हणाले, "ताई, ती तार आधी बाहेर काढा!" मग समजावलं: 'फोन'चं सॉकेट साध्या टेलिफोनला स्वतः वीज पुरवतं, त्याच्यासाठी तेच एक्स्चेंज. 'लाइन'च्या सॉकेटला वीज खऱ्या एक्स्चेंजकडून येते. मी दोन देणारे एकमेकांना जोडले होते. डबा जळलाही असता. त्या दुपारी माझे हात थंड पडले होते.

फोन सुरू झाले. पण संध्याकाळी नवंच कोडं. दादरशी आमचं बोलणं इंटरनेटवरून व्हायचं आणि सहाच्या सुमारास समोरच्याचं ऐकू यायचं, आमचे शब्द मात्र त्यांच्याकडे तुटत जायचे. नेमकी तेव्हाच मी दिवसाच्या हिशेबाची फाइल पाठवत असे. या दोहोंचा संबंध लावायला मला चार दिवस लागले.

आवाज सेकंदाला 8000 वेळा मोजतात, प्रत्येक मोजणी 8 बिटांची, म्हणजे सेकंदाला 64 किलोबिट. त्याची 20 मिलिसेकंदांची एकेक पुडी बांधून सेकंदाला 50 पुड्या रवाना होतात. फाइलचा तुकडा हरवला तर पुन्हा मागवता येतो, उशिरा आला तरी चालतो. उशिरा आलेली आवाजाची पुडी मात्र वाया जाते, कारण तोवर वाक्य पुढे गेलेलं असतं. आमच्या ब्रॉडबँडचा वर जाण्याचा वेग खाली येण्याच्या वेगाहून खूपच कमी होता आणि माझी फाइल तो सगळा अडवून बसायची. डब्यात आवाजाला पहिला मान दिला आणि बाहेर जाणाऱ्या डेटाची मर्यादा लाइनच्या वेगाहून थोडी खाली बांधली. आता रांग आमच्याच डब्यात लागते आणि कोणाला आधी सोडायचं ते आम्ही ठरवतो. फाइल पाच मिनिटं उशिरा पोचते, बोलणं तुटत नाही.

जुलैत भर पावसात लाइट गेली. कॉम्प्युटर बंद पडणार हे ठाऊक होतं, पण टेलिफोनही गेले! आमच्या घरी लहानपणापासून अंधारातही काळा फोन वाजायचा, कारण एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांची 48 व्होल्टची वीज तारेतूनच यायची. इथे मध्ये डबा आला आणि त्याचा जीव आमच्या प्लगात. तासाभराने वाडीतल्या एक आजी भिजत आल्या. मुदत ठेवीची विचारपूस करायला त्या कधीच्या फोन लावत होत्या. मला फार लागलं ते.

लॅमिंग्टन रोडवरून छोटा यूपीएस आणला. डब्याची पुस्तिकाही या वेळी शेवटपर्यंत वाचली. वीज गेली की डब्यातला रिले 'लाइन' थेट पहिल्या 'फोन'ला जोडतो, असं त्यात होतं. म्हणजे सोय पहिल्या दिवसापासून होती. आम्ही दोन्ही टेलिफोन दुसऱ्या सॉकेटवर लावले होते.

एक टेलिफोन पहिल्यावर हलवला. यूपीएस काढून मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला, डब्यावरचे हिरवे दिवे विझले. रिसीव्हर कानाला लावला. टोन येत होता. त्या टेलिफोनवर मी चिठ्ठी चिकटवली: 'लाइट गेली तर हा.'