गार हवेचा घास

गाडी पेट्रोलवर चालते असे आपण सगळेच म्हणतो. पंपावर पैसे पेट्रोलचे मोजावे लागतात, हवेचे मोजावे लागत नाहीत, म्हणून तसे म्हणत असू. फुकट मिळणाऱ्या वस्तूचा हिशेब ठेवायची सवय कोणाला आहे? पण वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोल नीट जळायला जवळजवळ पंधरा भाग हवा लागते. म्हणजे इंजिन खाते थोडे आणि श्वास घेते फार. कला शाखेच्या अभ्यासक्रमात कार्ब्युरेटर नेमलेला नसतो, त्यामुळे हे ज्ञान मला महाविद्यालयात मिळाले नाही. ते मिळाले वाईला, मामाच्या गॅरेजात, उन्हाळ्याच्या सुटीत. "काव्यशास्त्र शिकणारी मुलगी ऑइलात हात कशाला घालते?" असे मामीने दोन-तीनदा विचारले. मलाही त्याचे धड उत्तर देता आले नाही.

निमित्त झाले डॉक्टरांच्या एमजीए गाडीचे. ही दोन आसनांची, उघड्या टपाची इंग्रजी स्पोर्ट्स कार. ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात अशा एक लाखाहून थोड्या अधिक गाड्या तयार झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. डॉक्टरांची गाडी १९५७ सालची. इतकी ठेंगणी, की आत बसून हात खाली सोडला तर बोटे रस्त्याला लागतील असे वाटते. डॉक्टर राहतात पाचगणीला. वाईहून वर जायचे तर पसरणीचा घाट चढावा लागतो, आणि एप्रिलच्या दुपारी ही गाडी निम्म्या घाटात दम टाकायची. आधी पिकअप जायचा, मग मिसिंग सुरू व्हायचे, आणि शेवटी एखाद्या वळणावर ती चक्क उभी राहायची.

"मिस्त्री," डॉक्टर मामाला म्हणाले, "मला एकाने सल्ला दिलाय, हे जुने इंजिन काढा आणि नव्या गाडीचे बसवा. या उन्हाळ्यात घाट चढली नाही तर मी ते करून टाकणार. वय झाले म्हणून गाडी घरात बसायला नको, आणि मीही."

मामाने बॉनेट उघडले आणि हसला. "डॉक्टर, हा तर आपल्या अँबेसडरचा सख्खा भाऊ! याला काढून कुठे टाकता?"

आणि ते अक्षरशः खरे होते. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे ‘बी सिरीज’ नावाचे १४८९ घनसेंटिमीटरचे जे इंजिन सुरुवातीच्या एमजीएत होते, तेच आपल्याकडे अँबेसडरमध्ये वर्षानुवर्षे बसत आले. एकाने मंत्र्यांना सभेला नेले, एकाने साहेबाच्या पोराला समुद्रकिनारी. फरक मुख्यतः श्वासाचा. अँबेसडरला एक कार्ब्युरेटर, एमजीएला एसयू जातीचे दोन. मामाचा अर्धा जन्म अँबेसडरी उघडण्यात गेलेला. २०१४ साली ती गाडी बनायची थांबली तेव्हा घरातले कोणी गेल्यासारखा तो दोन दिवस गप्प होता, असे मामी सांगते.

या इंजिनाचे एक जन्मजात दुखणे आहे. हवा आत घेण्याची वाट आणि जळका धूर बाहेर टाकण्याची वाट, दोन्ही त्याच्या एकाच अंगाला आहेत. धुराची ओतीव नळकांडी, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, खाली तापून निखारा होते आणि तिच्या डोक्यावर दोन्ही कार्ब्युरेटर बसलेले. चुलीच्या भगभगीत जाळावर दुधाचे पातेले ठेवावे आणि दूध थंड राहील अशी आशा करावी, तसा हा प्रकार. माणसाच्या नाकातोंडाजवळ कोणी शेगडी धरली तर तो कसा श्वास घेईल?

मामाने आधी पान्याला हात लावला नाही. त्याने माझ्याकडे एक थर्मामीटर दिला आणि तो एअर फिल्टरच्या तोंडाशी तारेने बांधायला सांगितला. गाडी थोडा घाट चढवून आणली. बाहेर सावलीत ३७ अंश सेल्सियस होते, फिल्टरच्या तोंडाशी ६८. "आता तू शिकलेली आहेस ना? मग हिशेब कर," मामा म्हणाला. हवा तापली की पसरते, आणि पसरली की तेवढ्याच जागेत ती कमी मावते. मात्र हे प्रमाण काढताना अंशांत २७३ मिळवावे लागतात, कारण निसर्ग शून्य तिथून मोजतो. म्हणजे ३१० भागिले ३४१. उत्तर आले सुमारे ०.९१. इंजिनाच्या दर शंभर घासांतले नऊ घास रिकामे जात होते! सिलिंडर भरल्यासारखे दिसत होते, पण पोट भरत नव्हते.

हे इंजिन हवा तरी किती घेते? चार फेरे धरून काम करणारे इंजिन दोन आवर्तनांत एकदा आपले पोट भरते. मिनिटाला चार हजार आवर्तने आणि पाय पूर्ण दाबलेला असेल, तर सुमारे तीन हजार लिटर. सेकंदाला पन्नास लिटर! आपण दोन-अडीच घागरी पाणी विहिरीतून ओढतो तेवढ्या मापाची हवा, दर सेकंदाला. तेव्हा ती कुठून येते, कशी येते, याला महत्त्व का आहे, ते मला उमगले.

दुसरा त्रास उष्णतेचाच, पण पेट्रोलचा. फ्लोट चेंबरमध्ये आणि नळीत पेट्रोल तापून त्याची वाफ धरते, आणि पंप पेट्रोलाऐवजी बुडबुडे ढकलत राहतो. आपले जुने ड्रायव्हर घाटात पेट्रोलपंपावर ओले फडके टाकून बसत ते याच दुखण्यासाठी.

तुम्ही म्हणाल, मग सोपे आहे, गार हवा आणा. मलाही तसेच वाटले. बाजारात चकचकीत नळ्या आणि रंगीत फिल्टर मिळतात, ते मी मोबाइलवर मामाला दाखवले. त्याने पाहिले, आणि मला गाडीच्या नाकाशी घेऊन गेला. "नवे काही लावायच्या आधी जुने काय होते ते बघ." रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना समोरची हवा आत घेणारे दोन मार्ग होते. उजवीकडून एक जाड नळी हीटरकडे गेलेली. डावीकडचे तोंड मात्र रिकामेच होते. कार्ब्युरेटर डावीकडे. मामा काही बोलला नाही, फक्त त्या रिकाम्या तोंडातून कार्ब्युरेटरपर्यंत हवेत बोटाने एक रेघ ओढली. मूळ आखणाऱ्याने गार हवेची सोय करून ठेवलेली होती! साठ-पासष्ट वर्षांत कधीतरी ती नळी कुजली असेल, आणि ‘हिचे काही काम दिसत नाही’ म्हणून कोणीतरी ती काढून टाकली असेल.

मग काम सुरू झाले. चार इंच व्यासाची, आत तारेचे वेटोळे असलेली नळी आणून डाव्या मार्गाला जोडली. तिचे दुसरे तोंड फिल्टरांच्या अगदी जवळ आणले, पण त्यांना घट्ट बसवले नाही. "घट्ट का नको? वाऱ्याने हवा आत कोंबली जाईल की," मी विचारले. मामाने सांगितले, "अगं, वाऱ्याच्या जोरावर भरवसा ठेवू नकोस. आणि फिल्टरात दाब वाढला, पण फ्लोट चेंबरच्या भोकावर नाही वाढला, तर पेट्रोल यायचे कमी होईल." रात्री मी हिशेब केला. ताशी शंभर किलोमीटर वेगाला समोरच्या वाऱ्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही भरत नाही. घाटात तीसच्या वेगाला तर तो नसल्यासारखाच. म्हणजे कमाई जोराची नव्हे, गारव्याची.

नंतर कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधला वाकलेला पत्रा सरळ करून त्याला खालून उष्णतारोधक अस्तर लावले. उष्णता न वाहणाऱ्या जाड चकत्या नव्या घातल्या. फिल्टरच्या आत, कार्ब्युरेटरच्या तोंडाला, सनईच्या टोकासारख्या फाकलेल्या छोट्या कडा बसवल्या. हवेला तीक्ष्ण काठावरून वळायला आवडत नाही. काठ गोल असला की ती गोंधळ न करता आत शिरते.

आणि मग आला पेट्रोलचा प्रश्न. गार हवा म्हणजे जास्त हवा, आणि जास्त हवेला पेट्रोलही जास्त हवे. नाहीतर मिश्रण कोरडे पडते आणि इंजिन अधिकच तापते. एसयू कार्ब्युरेटर ही मोठी मजेदार वस्तू आहे. ‘स्किनर्स युनियन’ या नावाची ही दोन आद्याक्षरे. हे स्किनर बंधू बुटांच्या व्यापारातल्या घराण्याचे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी केलेल्या पहिल्या कार्ब्युरेटरांत चक्क चामड्याचा भाता होता, आपल्या लोहाराकडे असतो तसा! पुढे भात्याच्या जागी धातूचा पिस्टन आला. इंजिनाची ओढ वाढली की पिस्टन वर उचलतो, हवेची वाट रुंद होते, आणि त्याला लटकलेली निमुळती सुई जेटमधून वर येऊन पेट्रोलची वाटही तेवढीच मोकळी करते. पण हे यंत्र हवेचे आकारमान जाणते, वजन नीट जाणत नाही. ते माणसाला सांगावे लागते.

मामाने ते सांगितले कानाने. दोन हात लांबीची रबरी नळी घेतली, एक टोक कानाला, दुसरे आळीपाळीने दोन्ही कार्ब्युरेटरांच्या तोंडाशी. दोन्हीकडचा सूस्कारा सारखा ऐकू येईपर्यंत तो स्क्रू फिरवत राहिला. तंबोऱ्याच्या तारा जुळवणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे भाव असतात तेच त्याच्या चेहऱ्यावर होते. मग पिस्टन सुईच्या टोकाएवढा उचलून पाहिला. इंजिन वेग वाढवून तसेच राहिले तर पेट्रोल जास्त, मरू लागले तर कमी, क्षणभर उचल खाऊन पूर्वपदावर आले तर बरोबर. जेटचा षटकोनी नट त्याने एकेक पैलू फिरवला. शेवटी प्लग काढून दाखवला. त्याचा रंग खरपूस भाजलेल्या बिस्किटासारखा होता. "तुझी नळीही हवी आणि माझा कानही हवा," तो म्हणाला. नळी माझी कशी झाली, ते मी विचारले नाही.

आम्ही भर दुपारी पसरणीचा घाट चढलो. डॉक्टर चालवत होते, मी शेजारी, थर्मामीटरवर डोळा ठेवून. तो ४७ च्या वर गेला नाही. म्हणजे हवा सहा-सात टक्क्यांनी अधिक दाट. प्रत्यक्षात ताकद त्याहून कमीच वाढते, कारण आतल्या तापलेल्या वाटेत हवा पुन्हा थोडी तापतेच. चमत्कार काही झाला नाही. पुण्याकडच्या नव्या गाड्या आम्हाला मागे टाकून झपाझप वर गेल्या. पण मिसिंग नाही, वाफ नाही, आणि पंपाची टिकटिक शेवटपर्यंत एका लयीत.

वर पोहोचल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. वाईहून पाचगणी सुमारे सहाशे मीटर उंच, आणि तेवढ्यात हवा सहा-सात टक्क्यांनी विरळ होते. वरची हवा गार खरी, पण पातळ. नळीने जे कमावले त्यातले बरेचसे डोंगराने काढून घेतले होते. तरी पूर्वी इंजिनाला दोन्ही तोटे एकदम सोसावे लागत, आता एकच सोसावा लागला.

डॉक्टर बराच वेळ गाडीत बसून राहिले. मग म्हणाले, "राहू दे हेच इंजिन."

गार हवा नेहमीच चांगली, असेही नाही. इंग्लंडच्या ओल्या हिवाळ्यात पेट्रोल उडताना कार्ब्युरेटर इतका गारठतो, की थ्रॉटलवर बर्फ धरतो आणि गाडी बंद पडते. म्हणून तिकडच्या काही गाड्यांच्या फिल्टरला उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची अशा दोन जागा असत. हिवाळ्यात तोंड मुद्दाम तापलेल्या मॅनिफोल्डकडे वळवायचे. तिथे जी शेगडी ऊब देते, तीच पसरणीच्या घाटात गळा दाबते.

आम्हां मराठीच्या विद्यार्थ्यांना ‘सुधारणा’ या शब्दाभोवती पुष्कळ वाचावे लागते. आगरकरांनी तर आपल्या पत्राचे नावच ‘सुधारक’ ठेवले होते. सुधारणा म्हणजे जुने मोडून नवे आणणे, की जुन्याला जपणे, यावर आमच्या वर्गात हमरीतुमरी होते. आता अशा वेळी मला मामाने हवेत ओढलेली ती रेघ दिसते. त्याने जुने जसेच्या तसे पुजले नाही. अस्तर नवे घातले, कडा नव्या बसवल्या, नटही फिरवला. पण आधी त्याने इंजिनाचे दुखणे मोजले, आणि ज्याने ते घडवले त्याला काय म्हणायचे होते ते समजून घेतले. वर्गात आमचे आवाज चढतात तेव्हा कोणाच्याच हातात थर्मामीटर नसतो.

२०२० च्या एप्रिलपासून प्रदूषणाचे नवे नियम आले आणि नव्या दुचाकींतूनही कार्ब्युरेटर जवळपास गेलाच. आता हवेचे मोजमाप संगणक करतो, आणि माणसाच्या कानापेक्षा कितीतरी चोख करतो. शहरांची हवा पाहता ते योग्यच झाले, याबद्दल मामालाही शंका नाही. त्याच्या हाताखालची मुले आता लॅपटॉप जोडून गाडी तपासतात. रबरी नळीचा तो दोन हातांचा तुकडा मात्र अजून खिळ्याला टांगलेला असतो. सुटी संपवून निघताना मी तो एकदा कानाला लावून पाहिला, आणि मामाने मला दुसऱ्या टोकाशी इंजिन चालू करून दिले. पहिल्या कार्ब्युरेटरचा सूस्कारा किंचित मोठा वाटला. तसे मी म्हणाले, तेव्हा त्याने स्वतः ऐकून पाहिले आणि न बोलता स्क्रू माझ्या हातात दिला.

— तृतीय वर्ष, कला (मराठी)