सेंट लुईस येथील पेला

मद्याचें नांव वाचतांच कांहीं वाचक पान उलटतील, हें मी जाणून आहें. परंतु अमेरिकेंतील सेंट लुईस शहरीं जाणाऱ्यास चांगलें उपाहारगृह कोठें, हा प्रश्न पडतोच.

हॉटेलांतील कारकून उंच इमारतींकडे बोट दाखवितो. तेथें फ्रेंच व कॅलिफोर्नियाच्या वाइनची लांबलचक यादी पुढें येते. ती कोणत्याही शहरीं येते. माझी कसोटी निराळी आहे. ‘येथली नॉर्टन आहे काय?’ असें विचारावें. वाढप्याचा चेहरा खुलला तर बसावें, नाहीं तर उठावें.

नॉर्टन हें काळें द्राक्ष व्हर्जिनियांत उपजलें, पण वाढलें मिसूरींत. 1870 नंतरच्या दशकांत मुळें शोषणाऱ्या किडीनें फ्रान्सचे मळे उजाड केले, तेव्हां मिसूरीचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनीं ती कीड अमेरिकन असल्याचें ओळखलें. तिला दाद न देणारे अमेरिकन वेलींचे खुंट मिसूरींतूनहि तिकडे गेले आणि त्यांवर बांधलेल्या कलमांनीं फ्रेंच द्राक्ष वांचलें. (फ्रेंच बाटलीवर हें कोण छापणार!) पुढें 1920 ते 1933 च्या दारूबंदींत मिसूरीचाच धंदा बुडाला. तो सांवरल्यावर, 1980 सालीं, जवळचें ऑगस्टा हें देशांतील पहिलें मान्य द्राक्षक्षेत्र ठरलें.

जेवावयास ‘हिल’ नांवाच्या इटालियन वस्तींत जावें. तळलेली रॅव्हिओली तेथील खासियत. सारणांत बहुधा मांस असतें, तें आधीं विचारावें.

गेल्या खेपेस तीर्थरूप बरोबर होते. पेल्यास त्यांनीं हात लावला नाहीं. मात्र कलमांची हकीगत ऐकतांच ते सरसावून बसले आणि हापूसचें कलम कसें बांधतात, तें वाढप्यास अर्धा तास समजावीत राहिले.