बाईसाहेब परत आल्या होत्या!

‘काय गं, परत जुन्याच कंपनीत?’ हा प्रश्न कुठल्या सुरात विचारला जातो, ते तुम्हाला नक्की माहीत असेल. अर्धी काळजी, अर्धी मजा. एचआरवाल्यांनी त्यासाठी ‘बूमरँग एम्प्लॉई’ असा झकास शब्द शोधलाय खरा, पण कॅन्टीनमध्ये त्याचा अर्थ एकच निघतो : बाहेर काही जमलं नाही वाटतं!

आता जरा एका बाईसाहेबांचा बायोडेटा बघा. जन्म १९९०, फ्रान्समधल्या सेंट नाझेरच्या गोदीत. लांबी २११ मीटर, आकारमान म्हणाल तर (म्हणजे बोटींच्या भाषेत ग्रॉस टनेज) साधारण साडेअठ्ठेचाळीस हजार. पहिलं नाव नॉर्डिक एम्प्रेस. २००४ मध्ये एम्प्रेस ऑफ द सीज. २००८ मध्ये नुसतंच एम्प्रेस. २०१६ मध्ये पुन्हा एम्प्रेस ऑफ द सीज. आणि २०२१ मध्ये मुंबईत आली ती परत एम्प्रेस. होय, तीच ती बॅलार्ड पिअरवरून सुटणारी कॉर्डेलियाची क्रूझ!

तिच्यावर मी मुंबई-गोवा केलं ते सेल्फी काढायला (खोटं कशाला बोलू?). पण दुसऱ्या दिवशी मला त्या बोटीचा नादच लागला.

झालं असं, की आत शिरलात की मधोमध कित्येक मजले उंच चौक लागतो. काचेच्या लिफ्ट, चमचमणारं पितळ, वळणदार जिने. एकदम नव्वदच्या दशकातलं ग्लॅमर! केबिन मात्र इतकी छोटी, की बॅग उघडली की दार उघडत नाही. मी कुरकुर केली, तर डेकवर भेटलेले मडगावचे एक काका हसले. गोव्यात बोटीवर नोकरी करणाऱ्यांना ‘तारवटी’ म्हणतात. काका जुने तारवटी, आता रिटायर्ड. म्हणाले, ‘अगो बाय, ही बोट खोलीत बसायला बांधलीच नाही. तीन-चार रात्रींची बोट ही. लोकांनी खोलीत फक्त झोपायचं.’

आणि काका अगदी बरोबर होते. मायामीहून बहामाला तीन-चार रात्रींच्या झटपट सफरी करायच्या, म्हणजे शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर बॅग उचलून निघणाऱ्यांसाठी, हे डोक्यात ठेवूनच रॉयल कॅरिबियनने ती आणली होती. आपल्या वीकेंड गेटअवेची ही थोरली बहीणच म्हणा ना! तिचं बारसं केलं ग्लोरिया एस्टेफान या गायिकेने. ग्लोरियाचा जन्म हवानाचा, वाढली मायामीत. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

अठरा वर्षं नोकरी झाल्यावर, २००८ मध्ये बोटीची ट्रान्स्फर झाली. रॉयल कॅरिबियनने विकत घेतलेल्या पुलमान्तुर या स्पॅनिश कंपनीत. धाकट्या ब्रँचला जुना कॉम्प्युटर पाठवतात ना, तस्सं. तोपर्यंत मूळ कंपनीत बोटींचा आकार वाढतच चालला होता. बोटीवर बर्फाचं स्केटिंग, बोटीवर बागा, बोटीवर अख्खा बाजार. या छोट्या एम्प्रेसला आता कोण विचारणार?

विचारलं. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने जाहीर केलं, एम्प्रेस परत येतेय! आणि गंमत बघा. मे २०१६ मध्ये सेंट नाझेरच्या त्याच गोदीतून रॉयल कॅरिबियनच्या ताब्यात आली हार्मनी ऑफ द सीज, तेव्हाची जगातली सर्वांत मोठी क्रूझ, सव्वादोन लाख टनांहून मोठी. त्याच महिन्याच्या अखेरीस मायामीतून पुन्हा कामावर रुजू झाली एम्प्रेस, तिच्या एक चतुर्थांशाहूनही लहान. रुजू होणंही सोपं नव्हतं हं! जुन्या स्वयंपाकघराचं आणि कोठारांचं काम इतकं वाढत गेलं, की आधी ठरलेल्या कितीतरी सफरी रद्द कराव्या लागल्या.

मग हा खटाटोप कशाला? उत्तर आहे क्युबा. अमेरिका आणि क्युबाचे ताणलेले संबंध त्या काळात सैल होत होते. पण हवानाचं बंदर जुनं, आत शिरायची वाट चिंचोळी, धक्के लहान. हार्मनीसारखं धूड तिथे नेणार कसं? तिथे हवी होती अंगाने आटोपशीर बोट. १९ एप्रिल २०१७ ला एम्प्रेस मायामीहून हवानाकडे निघाली. ग्लोरियाने जिचं बारसं केलं ती बोट सत्तावीस वर्षांनी ग्लोरियाच्या जन्मगावी पोचली! कंपनीतल्या भल्याभल्यांना जे जमलं नाही, ते जिला ‘लहान’ म्हणून बाजूला काढलं होतं तिने केलं.

हे मी डेकवर बसून वाचत होते तेव्हा माझ्या फोनमध्ये एक मेल पंधरा दिवस पडून होती. जिथे मी पहिली नोकरी केली, त्या ऑफिसची. ‘परत येतेस का?’ एवढीच. फ्रीलान्सिंगचं म्हणाल तर चेक येतात, पण त्यांच्या सोयीने. भाडं मात्र एक तारखेला जातं. आई म्हणत होती, ‘जा बाई, निदान पीएफ तरी चालू होईल.’ आणि मी अडून बसले होते, कारण कॅन्टीनमधला तो सूर मला आताच ऐकू येत होता.

पण बोटीची गोष्ट हवानाला संपत नाही. जून २०१९ मध्ये अमेरिकन सरकारने क्रूझना क्युबाबंदी केली, आणि जिच्यासाठी एम्प्रेसला बोलावलं होतं ती सफरच गेली. पाठोपाठ आला करोना. जून २०२० मध्ये पुलमान्तुरने हात वर केले. तिच्या सॉव्हरिन आणि मोनार्क या बोटी तुर्कस्तानात अलिआगाच्या भंगारवाड्यात गेल्या. एम्प्रेस तिकडेच राहिली असती, तर? पुढचं तुम्हीच ओळखा. म्हणजे परत येण्याने हवाना तर दिलंच, बहुधा जीवही वाचवला.

मूळ कंपनीने तरी तिला कायमची ठेवली का? नाही. डिसेंबर २०२० मध्ये विकलीच! निष्ठेला इन्क्रिमेंट नसतं, हे बोटींनाही लागू आहे. मुंबईकरांना कर्णिका आठवत असेल. तीही १९९० चीच. २०१९ मध्ये थाटात मुंबईत आली आणि २०२० मध्ये गुजरातमध्ये अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेली. एकाच वयाच्या दोघी. एकीचा शेवट अलंगला, दुसरी सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून गोव्याच्या सफरीला लागली. दोन-तीन रात्रींच्या सफरी, शुक्रवार-शनिवारची गर्दी... जे काम करायला ती जन्मली, नेमकं तेच! फरक एवढाच, की बहामाऐवजी मुरगाव, आणि नाश्त्याला बेकनबरोबर पोहे.

रात्री काकांना विचारलं, ‘तुम्ही कधी जुन्या बोटीवर परत गेलात?’

‘दोनदा,’ काका म्हणाले. ‘पहिल्यांदा गेलो कारण घरी पैसे नव्हते. तेव्हा त्रास झाला. दुसऱ्यांदा त्यांनी बोलावलं, कारण ते इंजिन ओळखणारा माणूस नव्हता. तेव्हा मी पगार सांगितला. बोट तीच हां. पण जिना चढताना वेगळं वाटतं.’

मला वाटतं, हिशेब इथेच आहे. परत जाणं म्हणजे मागे जाणं, असं काही नाही. प्रश्न एवढाच, की तिथे तुमच्यासाठी एखादं हवाना आहे का? नुसती रिकामी खुर्ची भरायची असेल, तर ती कोणीही भरेल. आणि हवाना असलं तरी ते जन्माचं नसतं, हेही बाईसाहेबांनी शिकवलंच.

मुरगावला रेंज आल्यावर मी मेलला उत्तर दिलं. ना हो, ना नाही. ‘नेमकं कुठलं काम, आणि मीच का, ते कळवा. पगाराचं नंतर बोलू.’ दोन दिवसांत फोन आला. बोलणी चालू आहेत. आई अर्थातच पीएफचा टक्का विचारतेय.

तुम्हाला जायचं असेल तर दोन टिप्स. बोट लागण्याची भीती असेल तर केबिन खालच्या डेकवर, बोटीच्या मधोमध घ्या, तिथे हेलकावे कमी. आणि केबिन छोटी म्हणून वैतागू नका. डेकवर या. एखादा तारवटी भेटला तर गप्पा मारा. बुफेपेक्षा त्या भारी असतात, बॉस!