गळ, रीळ आणि वही

जॉन विल्सनला मासा लागला की तो खिदळायचा. मासा बोटभर असो की हातभर, हसू तेवढंच. इंग्लंडातल्या नॉर्विच गावात त्याचं गळ-दोऱ्यांचं दुकान होतं आणि १९८६ पासून तिथल्या टीव्हीवर ‘गो फिशिंग’ नावाची मालिका तो करत असे. देवासला टेकरीच्या पायथ्याशी राहणाऱ्या, वरणभातात वाढलेल्या माणसानं रात्री जागून यूट्यूबवर हे जुने भाग का पाहावेत, असं घरचे विचारतात. मला त्याचं बोलणं आवडतं. शिकवताना आवाज चढवत नाही. पाण्याकडे बघतो, गप्प बसतो, मग एकदम हसतो. पुढे मासेमारीचे कार्यक्रम म्हणजे धडाडणारं संगीत आणि राक्षसी जबडे असं होऊन बसलं. त्यात याचं हसू फार उठून दिसतं.

विल्सन सगळ्या तऱ्हांनी मासे धरायचा, फ्लाय फिशिंगही करायचा. या प्रकाराची गंमत अशी की आमिषाला वजन जवळजवळ नसतंच. आकड्यावर पिसं आणि रेशीम गुंडाळून केलेली खोटी माशी फुंकरीनं उडेल इतकी हलकी. ती लांब जाते दोरीच्या वजनावर आणि दोरीला वेग देते काठीची लवचीकता. म्हणजे सगळी करामत काठीची. फायबरग्लास येण्यापूर्वी ही काठी बांबूची असे. पण अख्खा बांबू नव्हे. बांबूच्या सहा निमुळत्या चिपा तासून, एकमेकींना चिकटवून केलेली षटकोनी काठी. सुरुवातीला त्यासाठी हिंदुस्थानातून गेलेला बांबू वापरत, त्याला व्यापारी ‘कलकत्ता केन’ म्हणत. दक्षिण चीनचा टोंकिन बांबू नंतर आला. आपलाच बांबू विलायतेला जाऊन, रेशमी वेढे आणि पितळी जोड लेवून, साहेबाच्या सामानात परत यायचा.

अशी एक काठी धारच्या आमच्या जुन्या घरात आहे. आजोबा संस्थानात नोकरीला होते. त्यांच्याकडे ती कशी आली हे कुणी सांगत नाही. सोबत एक पितळी रीळ, फिरवलं की अजून कर्रर्र वाजतं. आत्याबाई दर दिवाळीला त्याला चिंच लावून लख्ख करतात. जुन्या वस्तू जमवणाऱ्या कुणी हे पाहिलं तर त्याला घेरी येईल. १८७२ साली सुरू झालेल्या हार्डी कंपनीच्या जुन्या रिळांवरचा मळकट रंग जपण्यासाठी ही मंडळी चांगले पैसे मोजतात. आत्याबाईंना ते पटणार नाही. मलाही फारसं पटत नाही.

गळ टाकून बसणं हा साहेबी छंद, असं आपल्याकडे सरसकट समजतात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला, त्यात मत्स्यविनोद नावाचं प्रकरणच आहे: मासे कोणते, त्यांना चारा काय घालावा, गळानं कसे धरावेत. धारच्या माणसाला यात एक बारीक खोच दिसते. ज्याच्या नावाचा मुंज तलाव आमच्या गावात आहे त्या वाक्पति मुंजाला याच कल्याणीकरांच्या घराण्यातल्या तैलपानं कैद करून मारलं. मासे धरण्याचा विनोद दोन्हीकडे सारखाच असावा, तलाव तरी आम्हीच बांधला.

विल्सन हिंदुस्थानात आला तो कावेरीवर, महसीरसाठी. तिथे पिसांच्या माशीचा थाट नव्हता. गळाला नाचणीचा गोळा लावत. कावेरीचा महसीर म्हणजे नारिंगी परांचा, पाठीला कुबड असलेला, वजनानं माणसाच्या बरोबरीला येणारा मासा. तो टॉर रेमादेवी या जातीचा, हे २०१८ साली ठरलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो जगाच्या लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेला. विल्सनही त्याच वर्षी नोव्हेंबरात थायलंडमध्ये वारला.

मासा संपत चाललाय हे कळलं कसं, ही मला या साऱ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. कावेरीकाठी गाळीबोरेच्या कॅम्पवर गळवाले मासा धरून, तोलून, पाण्यात सोडून देत आणि वहीत लिहीत. १९९८ ते २०१२ पर्यंतच्या त्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. कुबडाचा महसीर दुर्मीळ होत गेला होता आणि निळ्या परांचा वाढत होता. हा निळ्या परांचा कावेरीचा नव्हे. लोणावळ्याच्या टाटांच्या हॅचरीत वाढवलेली त्याची पिल्लं १९७० च्या दशकापासून चांगल्या हेतूनंच नदीत सोडली गेली होती. नुसत्या भाबड्या प्रेमानं नदीचं भलं होत नाही.

आता आमची नर्मदा. धार जिल्ह्यात धरमपुरी, देवास जिल्ह्यात नेमावर तिच्या काठावर. इथल्या महसीरला लोक बाडस म्हणतात. मध्य प्रदेशानं २०११ साली महसीरला राज्यमासा केलं. पण त्याला वाहतं पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो, पावसाळ्यात अंडी घालायला वर चढायला वाट लागते. धरमपुरीच्या वरच्या अंगाला इंदिरा सागर आणि ओंकारेश्वरच्या भिंती, खालच्या अंगाला सरदार सरोवर. २०१९ साली ते १३८.६८ मीटरपर्यंत भरलं तेव्हा धार जिल्ह्यातली निसरपूर, चिखलदा ही गावं पाण्याखाली गेली, आणि तिथली नदी तलाव झाली. नर्मदेवर पिढ्यानपिढ्या जाळं टाकणारे कहार आणि केवट बाडस कमी होतोय हे कुठल्याही अभ्यासाआधी सांगत होते. त्यांच्या जाळ्या-गळांना मात्र कुणी ‘विंटेज’ म्हणत नाही.

म्हणून धार, देवास, इंदूरच्या जुन्या मराठी घरांना माझी विनंती आहे. माळ्यावर काठी-रीळ सापडलं तर विकायचं असेल तर विका, चिंच लावायची असेल तर लावा. पण त्याच ट्रंकेत एखादी वही असेल, मोडीत किंवा इंग्रजीत, तारीख, घाट आणि माशाचं वजन लिहिलेली, तर ती रद्दीत घालू नका. उज्जैनच्या विद्यापीठात प्राणिशास्त्राचा विभाग आहे. तिची एक प्रत तिथे द्या. आणि नर्मदाकाठी कुणी म्हातारा कहार बाडसाची गोष्ट सांगू लागला, तर फोनवर ती ध्वनिमुद्रित करून ठेवा, साल आणि घाटाचं नाव विचारून.