शेळ्यांचा बाजार आणि हिरवा डोंगर

मैत्रिणींनो, तुमच्या घरातला जुना अल्बम काढून बघा. सहलीच्या फोटोंत तुम्ही कशा असता? "जरा डावीकडे सरक, पदर नीट घे" असं ऐकत, उन्हानं डोळे बारीक करून उभ्या! ओमानला मस्कतमध्ये मुलाकडे गेले, तेव्हा त्यानं कॅमेराच माझ्या हातात दिला. "आई, आजचे सगळे फोटो तू काढायचे."

एप्रिलमधला शुक्रवार. पहाटे पाचलाच निघालो, कारण दीडशे किलोमीटरच्या पुढे असलेल्या निझवा गावचा शेळ्यांचा बाजार शुक्रवारी भरतो आणि ऊन तापायच्या आत उरकतो. किल्ल्याजवळच्या मोकळ्या जागेत माणसं गोल करून उभी. विकणारे शेळीला दोरीनं धरून त्यांच्यातून फेऱ्या मारतात, भाव ओरडतात. घेणारा हाक मारून थांबवतो, दात बघतो, पाठ चाचपतो. आपण दुधी नखानं टोचून बघतो ना, अगदी तसंच!

तिथं एक बाई शेळी धरून उभी होती. तोंडावर कडक, मुखवट्यासारखा बुरखा, हातभर मेंदी. मी कॅमेरा उचलला मात्र, तिनं तळहात आडवा धरला. "ला!" म्हणजे नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माहेरी नदीवर धुणं धुताना एका पाहुण्यानं न विचारता आईचा फोटो काढला होता. तिचा त्या दिवशीचा संताप मी विसरले कशी? मग खुणेनंच विचारलं, शेळीचा काढू? तिनं शेळी पुढे ढकलली आणि आपण बाजूला झाली.

पुढे बिरकत अल मौझ. केळीच्या बागांचं गाव. डोंगरातलं पाणी पाटानं आणायची इथली रीत फार जुनी. तिला फलज म्हणतात. असे ५ फलज २००६ साली युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून निवडले, त्यात इथलाही एक आहे. इथून जबल अखदरचा, म्हणजे हिरव्या डोंगराचा घाट लागतो. चारही चाकांना जोर असलेली गाडी नसेल तर पोलीस वर सोडत नाहीत, हे लक्षात ठेवा.

वर सुमारे २,००० मीटरवर गारवा, उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं आणि त्यात गुलाब! एका घरी मातीच्या चुलीवर गुलाबपाणी चाललं होतं. मडक्यात पाकळ्या, आत तांब्याचं भांडं, वर गार पाण्याचं झाकण; वाफ झाकणाला लागून थेंब आत पडतात. यजमानांनी फोटोला हसत होकार दिला, पण वाफेनं काच धुरकटली आणि एकही धड आला नाही. वेलचीची कॉफी, खजूर मात्र पोटभर.

घरी येऊन फोटो छापून घेतले. माझा अर्थातच एकही नाही. शेळीचा झकास आलाय. फक्त कडेला दोरी धरलेला मेंदीचा हात आला होता. तेवढी पट्टी कात्रीनं कापली आणि मगच फोटो अल्बममध्ये लावला.